धुऱ्यावरचा साग विकायचाय? आधी टेप, मग इसार

लाकडाचा व्यापारी बरोबर आपल्या अडचणीच्या टायमाला येतो. पोरीचं लग्न ठरलेलं असतं नाहीतर बोअर आटलेला असतो, आणि हा गडी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभा राहून झाडाकडं कमी आणि आपल्या तोंडाकडं जास्त बघतो, मग म्हणतो, काका, मोजत काय बसता, उक्तं सांगून टाका. मी पहिल्या खेपेला अशीच ४० झाडं उक्ती, म्हणजे न मोजता एकरकमी, देऊन टाकली. पुढं मोजमाप शिकल्यावर एकदा नुसत्या खुंटांना टेप लावून बघितला, आणि त्या रात्री काही झोप लागली नाही.

किनवट-माहूरकडं साग आपसूक येतो, बाकी मराठवाड्यात धुऱ्यावर नाहीतर एखाद्या मुरमाड एकरात लावलेला असतो. (भारी काळ्या रानात पाणी साचत असेल तर तिथं सागाच्या नादी लागू नका, नर्सरीवाला काही का म्हणेना.) विक्रीची पद्धत दोन्हीकडं एकच.

आधी कागद

सातबारा काढा आणि तीन गोष्टी बघा. नावं किती आहेत, झाडांची नोंद आहे का, आणि जमीन वर्ग १ (पूर्ण मालकीची) आहे की वर्ग २ (सरकारच्या अटी असलेली). नावं चार असतील तर चौघांचं संमतीपत्र आत्ताच घ्या, कारण झाड उभं असतं तोवर भाऊ भाऊच असतो, ट्रक भरायला लागला की भाऊबंद होतो. झाडांची नोंद नसेल तर तलाठ्याकडून करून घ्या. आपल्याकडं निजामाच्या काळापासूनच्या इनाम जमिनी बऱ्याच, त्यात देवस्थान इनाम किंवा वर्ग २ असेल तर तहसीलला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. शेत सरकारी जंगलाला लागून असेल तर हद्दीची मोजणी लागतेच.

आता परवानगी. स्वतःच्या रानातला असला तरी साग विनापरवाना तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग आहे, आणि त्याच्या जोडीला आंबा, मोह, चिंच, जांभूळ, खैर, चंदन हीपण आहेत. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी त्यात नाहीत, पण गाडीला वाहतूक पास लागतो का ते वनखात्याच्या रेंज ऑफिसला विचारूनच गाडी भरा. बांबूला २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर झाड धरतच नाहीत. शेत नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर तिथं १९७५ चा वेगळा कायदा आहे, अर्ज तिकडं जातो. आणि खातेदार आदिवासी असेल, किनवट भागात बरेच आहेत, तर त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा खास कायदा आहे, व्यापाऱ्याला परस्पर विकून चालत नाही. तो कायदा त्यांना कोणी नागवू नये म्हणूनच केलाय, तेव्हा 'मी बघून घेतो' म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत लावा.

वनखात्यात याला मालकी प्रकरण म्हणतात. अर्ज, सातबारा, नकाशा आणि झाडांची यादी घेऊन रेंज ऑफिसला जायचं, मग पाहणी होते, झाडांवर नंबर पडतात, परवानगी मिळते, तोड झाल्यावर नगांची (तोडलेल्या ओंडक्यांची) मोजणी होऊन त्यांवर खात्याचा हातोडा, म्हणजे शिक्का, पडतो आणि मग वाहतूक पास. यात महिने जातात हो, म्हणून अर्ज पोळ्याच्या आसपास टाकावा, म्हणजे तोड हिवाळ्यात येते. बरेच जण 'कागदं मी करतो' म्हणणाऱ्या व्यापाऱ्यावर सगळं सोडून कोऱ्या कागदावर सह्या देतात. प्रकरण आपल्या नावावर असतं, पकडला गेला तर माल आपला म्हणून पकडला जातो, तेव्हा प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरात पाहिजे.

मोजणी, खरी गोम इथंच आहे

शिंप्याचा टेप घ्या, वही घ्या, आणि घरातलं एक पोरगं सोबत घ्या. झाडाला ओळीनं नंबर टाका, जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर मोजा, आणि सरळ खोड किती फूट ते लिहा. उंची कळत नसेल तर ३ फुटांची काठी उभी करा, काठीची सावली आणि झाडाची सावली एकाच वेळी मोजा, काठीची सावली २ फूट आणि झाडाची ३० फूट असेल तर झाड ४५ फूट. मात्र शेंड्याकडचं पकडू नका, वाकडं किंवा फाटा फुटलेलं जिथं सुरू होतं तिथं विकाऊ लांबी संपली.

तोडलेल्या नगाचं घनफूट बाजारात पाव घेरानं काढतात. घेर इंचात, त्याला ४ नं भागा, आलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा, मग फुटातल्या लांबीनं गुणा आणि १४४ नं भागा. मधोमध ३६ इंच घेर आणि १० फूट लांबीचा नग धरा, ९ गुणिले ९ म्हणजे ८१, गुणिले १० म्हणजे ८१०, भागिले १४४, झाले साधारण ५.६ घनफूट. खरं तर त्या ओंडक्यात ७.१ घनफुटाच्या वर लाकूड असतं, पाव घेराची रीतच शंभराला साडेअठ्ठ्याहत्तर धरते. ते ठीक, सगळा बाजार तसाच चालतो आणि भावपण त्याच हिशोबानं असतो. पण व्यापारी टेप मधे लावायच्या ऐवजी बारीक टोकाला लावतो तेव्हा खरी चाट बसते. त्याच नगाचं बारीक टोक २८ इंच असेल तर हिशोब येतो ३.४ घनफूट. एका नगात दोन घनफुटांच्या वर गायब, आणि असे नग शंभर असतील तर बघा! टेप मधोमधच लावायचा, साल काढून की सालीसकट हे आधी ठरवायचं, आणि दोन वह्यांत एकाच वेळी लिहायचं, एक त्याची, एक आपली.

सौदा

किमान तीन वखारींत जाऊन भाव विचारा. जाडीप्रमाणे भाव बदलतो, १८ इंच घेराच्या बल्लीचा आणि ४० इंचाच्या नगाचा दर एक नसतो, म्हणून 'सरसकट' हा शब्द आला की सावध व्हा. वनखात्याच्या डेपोतल्या लिलावाचे भावपण काढून ठेवा, मग वखारवाल्याशी बोलायला तोंड येतं.

इसार घेताना कागदावर हे उतरवा: दर घनफुटाला की उक्ता, तोड आणि भराई कोणाची, फांद्या आणि जळतन कोणाचं (हे कधीच ठरत नाही आणि भांडण हमखास ह्याच्यावरच होतं), पैसे कधी. आमच्याकडं एका गुत्तेदारानं अर्धा माल नेऊन बाकीचं 'पुढच्या आठवड्यात' करून ठेवलं, ते आठवडे दोन वर्षं चालले. तेव्हापासून गाडी हलायच्या आधी त्या गाडीचे पैसे, ओळखीचा असो नाहीतर पाहुणा असो.

तोड

दिवाळीच्या आधी काळ्या रानात ट्रक घातलात तर तो संक्रांतीलाच निघेल. दिवाळीनंतर शेजाऱ्याच्या हरभऱ्यातून वाट लागते, त्याला आधी बोलून ठेवा. सागाची पानं झडल्यावर तोडलेलं बरं, फांद्या हलक्या असतात आणि लाकडात पाणी कमी. ओंडके ७ फुटी चौकटीच्या हिशोबानं पाडा आणि तीन-चार इंच जास्त ठेवा, टोकं तडकतात. माल काही दिवस पडून राहणार असेल तर टोकांना शेण नाहीतर जुना ऑइलपेंट लावून सावलीत रचा.

तोडणाऱ्याला सांगा, खुंट जमिनीलगत आणि गुळगुळीत ठेव. साग खुंटावरून पुन्हा फुटतो, पावसाळ्यात फुटव्यांचा झुबका येतो, त्यातला दुसऱ्या वर्षी सरळ आणि जोमाचा एक ठेवून बाकीचे काढून टाका. तोवर शेळ्या तिकडं फिरकू देऊ नका आणि धुरा पेटवायच्या आधी खुंटाभोवतीचं गवत साफ करून घ्या.