तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून अमूर्त उठावशिल्प कसे घडवावे

अमेरिकी अमूर्त चित्रकार फ्रँक स्टेला (1936–2024) 1977 साली उद्योजक साराभाई कुटुंबाचे पाहुणे म्हणून अहमदाबादला राहिले होते. डब्यांसाठी छापलेले पण छपाईत बिघडल्यामुळे टाकून दिलेले रंगीत पत्रे त्यांनी तिथे कापले, वाकवले आणि त्यांतून लहान नमुने घडवले. या नमुन्यांवरून पुढे अ‍ॅल्युमिनियम, तारेची जाळी, तैलरंग आणि एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा चिकटवणारा पदार्थ) वापरून भिंतीवरची मोठी उठावशिल्पे तयार झाली व त्यांना भारतीय पक्ष्यांची नावे देण्यात आली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील ‘कस्तुरा’ (1979) हे त्यांपैकीच एक. कस्तूर हा पक्षी आपल्याला सह्याद्रीत ऐकू येणाऱ्या त्याच्या शिट्टीमुळे ओळखीचा असला, तरी या शिल्पात चोच किंवा शेपटी शोधू नये. आकार, रंग आणि त्यांच्यामधली पोकळी एवढाच तिथला विषय आहे. त्या नमुन्यांच्या पद्धतीने दोन फूट बाय दीड फुटाचे काम घरी करता येते.

पंधरा किलोचे तेलाचे रिकामे डबे भंगारवाल्याकडे सहज मिळतात; त्यांपैकी भडक छपाईचे दोन-तीन निवडावेत. डबा सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुऊन पूर्ण वाळवावा, कारण तेलाचा ओशटपणा राहिला तर पुढे चिकटवणारा पदार्थ किंवा रंग यांपैकी काहीच धरत नाही. तळ, झाकण आणि जोडाची शिवण कापून टाकल्यावर मोठा सपाट पत्रा हाती येतो. कामाला चामडी हातमोजे घालणे आवश्यक आहे, आणि पत्र्याची प्रत्येक कड कापल्याबरोबर बारीक कानशीने मारून घ्यावी. हे काम शेवटी एकदम करू असे म्हणणाऱ्याचे बोट मध्येच कापते, हे मी स्वतःच्या अंगठ्यावरून सांगतो.

आकार थेट पत्र्यावर कापू नयेत. स्टेला यांनी या काळात आराखडे काढताना वळणदार रेषांसाठी वापरतात त्या वक्रपट्ट्यांचे (फ्रेंच कर्व्ह) आकार कितीतरी पट मोठे करून वापरले; आपणही तशाच पट्टीवरून पुठ्ठ्याचे सहा-सात आकार कापून ते टाचण्यांनी भिंतीवर लावावेत आणि दोन दिवस जाता-येता पाहावेत. पुठ्ठ्यावर समाधान झाले की मगच पत्र्याची कात्री हाती घ्यावी. छापील मजकुराकडे मात्र लक्ष असू द्यावे. माझ्या एका तुकड्यावर ‘शेंगदाणा’ या शब्दातले नेमके ‘गदा’ एवढेच उरले आणि पाहणारा प्रत्येक जण त्यात भीम शोधू लागला. वाचता येईल असा शब्द नजरेला तिथेच बांधून ठेवतो. असा तुकडा वरची बाजू खाली करून लावावा म्हणजे अक्षरे केवळ रेषा होऊन राहतात.

खरे कौशल्य जोडणीत लागते, म्हणून सर्वाधिक वेळ तिला द्यावा. पाठीला 12 मिलिमीटर जाडीचा प्लायवुड घेऊन तो आधी पांढरा रंगवावा. प्रत्येक आकार कापताना दोन-तीन ठिकाणी जादा पट्ट्या सोडाव्यात, त्या मागे काटकोनात दुमडून त्यांचे पाय करावेत आणि वायसर घालून लहान स्क्रूने ते प्लायवुडवर बसवावेत. पायांची उंची एक इंचापासून पाच इंचांपर्यंत मुद्दाम वेगवेगळी ठेवावी, कारण सगळे पत्रे एकाच पातळीत आले तर काम नुसते चिकटचित्र (कोलाज) होते. दोन पत्रे एकमेकांवरून जात असतील तिथे 3.2 मिलिमीटरची पॉप रिव्हेट (पत्रे जखडणारी धातूची पोकळ खीळ) मारावी. निव्वळ चिकटवण्यावर विसंबू नये. पत्रा गुळगुळीत असल्यामुळे एपॉक्सीसुद्धा पॉलिश पेपरने घासलेल्या जागीच नीट धरते. सर्वांत मागे, किंवा एखाद्या पत्र्याच्या आडून डोकावेल अशी, तारेची जाळी लावावी आणि ती सळ्या बांधण्याच्या तारेने आवळावी. जाळीतून मागचा रंग दिसत राहतो, ही तिची खरी उपयुक्तता.

रंग सर्वांत शेवटी द्यावा, आणि कमी द्यावा. डब्याची मूळ छपाई निम्म्याहून अधिक उघडी राहिली पाहिजे, नाहीतर डबा निवडण्याला अर्थ उरत नाही. जिथे रंगवायचे तिथे 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी उतरवून, थिनरने पुसून, धातूसाठीचा प्रायमर मारावा आणि तो वाळल्यावर तैलरंग लावावा. फटकारे जाड, ब्रशच्या खुणा दिसतील असे असावेत. छपाईच्या सपाट रंगाशेजारी ते उठून दिसतात. पत्र्याच्या मागच्या बाजूलाही एखादा तीव्र रंग, विशेषतः नारिंगी किंवा पोपटी, द्यावा: त्याचा उजेड पाठीच्या पांढऱ्या प्लायवुडवर पडतो आणि रंग कुठून आला हे पाहणाऱ्याला चटकन कळत नाही. थिनर आणि एपॉक्सीचे काम खिडक्या उघड्या ठेवूनच करावे.

टांगताना एकाच खिळ्यावर भार देऊ नये. भिंतीत प्लग ठोकून दोन हुक बसवावेत. दिवा समोरून न लावता वरून एका बाजूला लावावा आणि सावल्या भिंतीपर्यंत लांबेस्तोवर तो सरकवत राहावा. लहान मुलांच्या घरात खालची कड जमिनीपासून निदान पाच फुटांवर ठेवावी.