फोटो पिवळा मारतोय? प्रिंटला देण्याआधी एवढं करा

चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर काढलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडले की पुष्कळदा गुलाल फिका आणि चेहरे हिरवट दिसतात. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाची झाक काढून पांढरं पांढरंच दाखवणारी सेटिंग) सगळीकडे पसरलेला गुलाबी रंग हा उजेडाचा दोष समजतो आणि त्यावर उतारा म्हणून हिरवा वाढवतो. उन्हात काढताना सेटिंग सरळ ‘डेलाइट’वर ठेवावं.

म्हणजे आधी ठरवायचं ते हे, की रंग वस्तूचा आहे की उजेडाचा. गुलाल वस्तूचा, तो ठेवा. मांडवाच्या केशरी कापडातून गाळून आलेल्या उन्हाने पांढऱ्या सदऱ्यावर चढलेली झाक काढा.

स्क्रीन पिवळसर करणारा ‘नाइट लाइट’ बंद करा, मॉनिटर अर्धा तास तापू द्या, रंग ६५०० केल्विनवर ठेवा आणि ब्राइटनेस उतरवा. तरीही नजरेवर विसंबू नका. पाच मिनिटांत डोळा पिवळ्याला सरावतो. आकडे सरावत नाहीत.

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने करड्या जागेवर क्लिक केलं की काम लवकर होतं. जेपेगसाठी फोटोशॉपमध्ये इन्फो पॅनेल (कर्सरखालच्या लाल, हिरव्या, निळ्याचे ० ते २५५ आकडे दाखवणारी चौकट) उघडा, आयड्रॉपरचा सॅम्पल ५ बाय ५ अ‍ॅव्हरेज करा आणि मुळात करडी असलेली जागा शोधा: सिमेंटची भिंत, फरशी. नीळ दिलेली टोपी आणि धोतर टाळा, ती आधीच निळसर असतात. स्टीलची भांडी आजूबाजूचा रंग उचलतात. २५५ ला टेकलेला पांढराही उपयोगाचा नाही, तिथे झाक दिसतच नाही.

करड्या जागेत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे हवेत. समजा भिंतीवर लाल १८६, हिरवा १७८, निळा १५० आला. निळा कमी, म्हणून फोटो पिवळा. कर्व्ह्जची अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ फोटोला हात न लावता वरून रंग बदलणारा थर) घ्या, लाल चॅनेलमध्ये १८६ चा बिंदू १७८ वर आणि निळ्यात १५० चा १७८ वर न्या. लेयरचा ब्लेंड मोड ‘कलर’ ठेवला तर उजेड-अंधार हलत नाही. मग सावलीतली एक करडी जागा तपासा. ती आता निळी झाली असेल तर कर्व्हच्या खालच्या टोकाला आणखी एक बिंदू देऊन ती आवरा.

चेहऱ्यावर लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा हाच क्रम हवा. निळा हिरव्याच्या पुढे गेला की चेहरा जांभळट दिसतो. हळदीच्या फोटोत मात्र पिवळा राहू द्या, तिथे तो हवाच.

लग्नाच्या कार्यालयात एका बाजूने पिवळे दिवे, दुसरीकडून खिडकीचा निळसर उजेड असेल तर एका कर्व्हने दोन्ही सुधारत नाहीत. दोन लेयर करा आणि मास्कवर (लेयर कुठे लागू व्हावी ते ठरवणाऱ्या पडद्यावर) मऊ ब्रशने जागा वाटून द्या.

प्रिंट लॅबने वेगळं प्रोफाइल (फाइलमधल्या आकड्यांचा नेमका रंग कोणता ते सांगणारी माहिती) मागितलं नसेल तर फाइल एसआरजीबी या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये ‘कन्व्हर्ट’ करा, ‘असाइन’ नको; असाइनने आकडे तेच राहतात आणि रंग बदलतात. अ‍ॅडोबी आरजीबी (जास्त रंग मावणारं प्रोफाइल) असलेली फाइल तशीच दिली तर रंग मेलेले येऊ शकतात. गुलालात लाल २५५ ला टेकून सगळा एकच गोळा दिसत असेल तर तेवढ्या भागाचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उतरवा. लॅबचं मशीन ऑटो करेक्शनवर असेल तर गुलाल पाहून तेही कॅमेऱ्याचीच चूक करतं; ऑपरेटरला ‘करेक्शन बंद ठेवा’ असं स्पष्ट सांगा.

मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर ४ बाय ६ ची एक प्रिंट घ्या आणि दिवसा, सावलीतल्या खिडकीशी बघा, दुकानातल्या एलईडीखाली नको. आकडे बरोबर, लॅबचं करेक्शन बंद आणि तरी प्रिंट स्क्रीनपेक्षा अंधारी आली, तर बहुतेक वेळा तुमच्या स्क्रीनचा ब्राइटनेस अजून जास्त आहे. तो कमी करा आणि मग फोटोचा उजेड पुन्हा ठरवा.