तोंडाची तक्रार डॉक्टरांना नेमकी कशी सांगावी

दातांच्या दवाखान्यात गेल्यावर ‘दाढ दुखते’ एवढेच सांगून आपण खुर्चीत बसतो. वास्तविक आपल्या रोजच्या बोलण्यात या दुखण्याचे बारकावे टिपणारे शब्द आहेत आणि ते जसेच्या तसे सांगितल्यास निदान सोपे होते. गार पाण्याने दात शिवशिवणे आणि घोट गिळताच ते थांबणे, हे बहुधा दाताचे आवरण झिजल्याचे किंवा हिरडी खाली सरकल्याचे लक्षण असते. उलट, गरम चहानंतर बराच वेळ कळ राहत असेल, रात्री आडवे होताच दाढ ठणकत असेल, तर दाताच्या आतल्या नसेला सूज आलेली असण्याची शक्यता अधिक असते. तिलाच ‘पल्पायटिस’ म्हणतात आणि ती या थराला गेली की बहुधा रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो. म्हणून दुखणे कशाने सुरू होते आणि किती वेळ टिकते, हे अवश्य सांगावे.

जागा बोटाने दाखवावी. पटाशीचे दात, सुळे, दाढा ही नावे पुरेशी आहेत. कागदावर ‘४६’ असे लिहिलेले दिसले, तर ती खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ समजावी. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि कायमची असते, परंतु अनेक पालक तिला दुधाची समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात, याचे फार वाईट वाटते.

सर्वाधिक काळजी घ्यावी ती ‘तोंड आले आहे’ असे म्हणताना. गालाच्या किंवा ओठाच्या आतील साधे, दुखरे फोड बहुधा आठ-दहा दिवसांत बरे होतात. मात्र दोन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, मग ती दुखत नसली तरी, तसेच पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा यांना ‘तोंड आले’ म्हणून सोडून देऊ नये. चट्टा कोठे आहे, कधीपासून आहे आणि वाढतो आहे का, हे सांगावे. अहवालात पांढऱ्या चट्ट्यासाठी ‘ल्युकोप्लाकिया’ हा शब्द आढळतो. तो कर्करोग नव्हे, परंतु त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून तुकडा काढून तपासण्याचा सल्ला मिळाल्यास टाळाटाळ करू नये.

तिखट लागताच आग होणे आणि हळूहळू तोंड कमी उघडणे, ही सुपारी व गुटखा खाणाऱ्यांमधील ‘सबम्युकस फायब्रोसिस’ची, म्हणजे तोंडाचे आतले अस्तर कडक होत जाण्याच्या विकाराची, लक्षणे असू शकतात. स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे घरी पाहता येते. ती जात नसतील, तर तसे सांगावे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी सुपारी, तंबाखू आणि मिश्री घरोघरी आहेत. यातले काय, किती वर्षे आणि गालाच्या कोणत्या बाजूला धरतो, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सोबत आलेल्या सासूबाईंसमोर किंवा मुलांसमोर ते बोलणे अवघड वाटत असल्यास, पाच मिनिटे एकट्याने भेटू द्यावे, अशी विनंती निःसंकोचपणे करावी.