कमरेतली सिस्ट काढायला जाण्याआधीची तयारी

सुरुवात फाइलपासून. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा फिल्मही घ्या. ही सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली गाठ, डॉक्टरांना स्वतः बघायची असते. तपासणी बरीच जुनी असेल तर नवी करायची का ते विचारा, कारण या गाठी कधीकधी आपोआप जिरतात. ही गाठ बहुधा कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या फॅसेट सांध्यातून (मणक्यांना मागच्या बाजूने जोडणाऱ्या छोट्या सांध्यातून) फुगते, आणि सांधा झिजून मणका पुढे सरकण्याची नेहमीची जागाही तीच. म्हणून पुढे आणि मागे वाकवून काढलेले एक्स-रे फाइलमध्ये आहेत ना, ते बघा. एमआरआय आडवं झोपवून होतो. त्यात सरकणारा मणका कधीकधी शहाण्यासारखा जागेवर दिसतो. मणका स्थिर असेल तर सुईने गाठ फोडणं किंवा बारीक नळीतून ती काढणं पुरू शकतं. सरकत असेल तर स्क्रू घालून मणके जोडण्याचा विषय निघतो. अख्ख्या फाइलमध्ये मला हेच एक्स-रे सगळ्यांत मोलाचे वाटतात.

मग गोळ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, परस्पर बंद करू नका. मधुमेह असेल तर आवर्जून सांगा: सुईतून स्टेरॉइड गेलं की साखर काही दिवस चढते, तेव्हा घरचं ग्लुकोमीटर चालतंय ना ते तपासा. औषधांची ॲलर्जी, ताप, लघवीची जळजळ, कमरेवरचं पुरळ, यातलं काहीही लपवू नका.

गाठ फोडताना सांध्यात दाबाने औषध भरतात, तेव्हा नेहमीची पायातली कळ क्षणभर जोरात उठू शकते. मनाची तयारी ठेवा. फोडलेली गाठ पुन्हा भरू शकते, तसं झालं तर पुढे काय, हे आधीच विचारून ठेवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर गाठ मणक्यातल्या नसांभोवतीच्या आवरणाला चिकटलेली दिसते का आणि ते फाटलं तर किती दिवस झोपून राहावं लागेल, हेही विचारा.

उपाशी किती तास राहायचं ते लिहून घ्या. कपडे सैल, चपला वाकावं न लागणाऱ्या, आणि परत न्यायला सोबत कुणीतरी. गाडी स्वतः चालवायची नाही.

तारखेआधीच लघवी अडली, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर तारीख विसरा आणि त्याच क्षणी तातडीच्या विभागात जा.