घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे? मग हे कागद आधी करा

आमच्या आत्यांना (म्हणजे सासूबाईंना, आमच्या कोरेगावकडं आत्याच म्हणतात) लकवा मारून चार वर्षं झाली, तेव्हापासून आवरणं, भरवणं, औषधं सगळं माझ्याकडं. सारखं कोणीतरी विचारतंय की सांभाळणाऱ्याला सरकार काय देतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सांभाळणाऱ्याच्या नावानं पगार मिळंल हे आधी डोक्यातनं काढा. केरळात आश्वासकिरणम म्हणून योजना आहे, तिथं सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये देतात. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यातपण काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे, पण आमच्या घरात त्यातली दमडी आलेली नाही. जे मिळतं ते पेशंटच्या नावानं, असंच धरून चाला.

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांगांचं ओळखपत्र. स्वावलंबनच्या साइटवर अर्ज भरायचा, मग सिव्हिलला तपासणी. तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड कुठल्या वारी बसतंय ते फोन करून विचारा हां, आम्ही न विचारता गाडी करून सातारला गेलो, वार चुकला, भाडं अंगावर पडलं आणि आत्या दिवसभर गाडीत आडव्या. डिस्चार्ज पेपर, स्कॅनचे रिपोर्ट सगळं बरोबर न्या. दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या आत आली तर बऱ्याच योजना हातच्या जातात.

कार्ड आलं की तहसीलला संजय गांधी शाखा गाठायची. वय ६५ च्या आत असंल तर संजय गांधी निराधार, पुढं श्रावणबाळ. एरवी महिना १५००, पण दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासनं २५०० केलेत, म्हणून तर म्हणलं कार्ड आधी. संजय गांधीला उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार, दिव्यांगाला ५० हजार. २१ हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, एवढ्यात कुणाचं घर चालतंय ते त्यांनाच विचारा! आधार बँकेला लिंक पाहिजे आणि हयातीचा दाखला वेळेत द्या, नायतर पैसे थांबतात. आणि आत्यांच्या पेन्शनीनं तुझी लाडकी बहीण बंद होईल असं शेजारणीनं मला घाबरवलेलं, तसं काही नाही, ती अट ज्या बाईला स्वतःला दुसऱ्या योजनेतनं १५०० मिळतात तिच्यासाठी आहे.

खरी कटकट पैसे काढताना. एका बँकेत मला सरळ म्हणले पेशंटला घेऊन या. अंथरुणावरच्या माणसाला? रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की सही जमत नसंल तर हाताचा अंगठा, तोही जमत नसंल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, फक्त बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस पाहिजे. हे मॅनेजरला शांतपणे सांगा, आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोच मागितली की माणसं जरा नीट बोलतात.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो, तो कुठं गेला ते ग्रामसभेत विचारा. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असंल तर सोबत्यालाही ५०.

आता घरातलं. केंद्राच्या २०२४ च्या वेळेच्या सर्व्हेत १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बाया घरच्यांची काळजी घेतात, पुरुष २१.४ टक्के, आणि त्यात बायांची दिवसाला १४० मिनिटं जातात, पुरुषांची ७४. मला हसू आलं, आत्यांचं सकाळचं आवरण्यातच माझे दोन तास जातात. मी एक आठवडा वहीत वेळ टाकून लिहून काढलं आणि ती वही ह्यांच्या पुढ्यात ठेवली, भांडण नाही काही नाही. दुसऱ्या दिवसापासनं रात्री कूस बदलायला हे उठतात. नणंदेनं पण महिन्यातले चार दिवस घेतलेत.

त्या चार दिवसांत पहिल्यांदा झोपले मी. तोवर लय वाईट चाललेलं, विनाकारण रडू यायचं. तसं होत असंल तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात आणि पेशंटचं नाही, तुमचं ऐकतात.