सगळ्यांना ॲडमिन करून ठेवलंय? या चुका टाळा

विंडोज पहिल्यांदा सुरू करताना जे खातं बनतं, ते ॲडमिन असतं, म्हणजे संगणकात काहीही बदलायचे पूर्ण अधिकार असलेलं. पुढे वर्षानुवर्षं सगळे त्याच खात्यावर बसतात. कालपरवा माऊस धरायला शिकलेलासुद्धा. ही माझी सगळ्यात नावडती चूक.

एका ओळखीच्यांच्या ऑफिसात नव्या मुलाला पीडीएफचं विकतचं सॉफ्टवेअर फुकटात हवं होतं. क्रॅकसोबत (म्हणजे पैसे न भरता ते चालवायच्या चोरट्या जुगाडासोबत) सूचनांची फाइल होती: अँटिव्हायरस बंद करा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. पोराने एकूण एक सूचना पाळली. (मी दिलेल्या सूचना मात्र कोणी वाचत नाही.) दोन दिवसांनी वर्ड-एक्सेलच्या एकाही फाइलला हात लागेना. मी मोठ्या विश्वासाने शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने स्वतःच ठेवलेल्या फायलींच्या जुन्या प्रती, काढायला बसलो, तर तिथे शुकशुकाट! रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, त्या आधीच पुसल्या होत्या. त्या पुसायला ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि ते त्या मुलाने एका क्लिकमध्ये देऊन टाकले होते. बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली, त्यामुळे तीही गेली. छापील कागद समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप करावं लागलं.

साध्या, म्हणजे स्टँडर्ड खात्यावरही त्याच्या स्वतःच्या फायली वाचल्या नसत्या, हे कबूल. पण शॅडो कॉपी राहिल्या असत्या, आणि त्याच मशीनवर इतरांची वेगळी खाती असती तर त्यांच्या फायलीही.

मी काय करतो? आधी दुसरं ॲडमिन खातं बनवतो, त्यात एकदा लॉगिन करून बघतो आणि मगच रोजचं खातं स्टँडर्ड करतो. घाई करून हा क्रम उलटा करू नका. ॲडमिनचा पासवर्ड कागदावर, कागद कपाटात. मॉनिटरला चिकटवलात तर सगळं मुसळ केरात.

दुसरी चूक, एखादा प्रोग्राम ॲडमिनचे अधिकार मागतो तेव्हा उघडणाऱ्या खिडकीत न वाचता ‘येस’ दाबणं. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ती खिडकी परवानगी मागतेय आणि तेव्हापासूनच लोक तिच्यावर वैतागलेत. कटकट नको म्हणून सेटिंगमधला स्लायडर तळाशी ओढून ती खिडकीच बंद करणारे तर विचारूच नका. विंडोज १० मध्ये तिच्यावर पिवळी पट्टी आणि ‘अननोन पब्लिशर’ दिसलं की मी थांबतो. आणि मुळात तुम्ही काही इन्स्टॉलच करत नसताना ती उगवली, तर सरळ ‘नो’.

बाकीच्या चुका थोडक्यात. दोन्ही खात्यांना एकच पासवर्ड ठेवू नका. ‘सपोर्ट’मधून बोलतोय म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला स्क्रीनचा ताबा देऊ नका. लिनक्सवाल्यांनीही हसू नये: परवानगी नाकारली की चमॉड ७७७ (फाइलवर सगळ्यांना सगळी मुभा देणारी कमांड) ठोकणारे आणि कुठूनतरी उचललेल्या कमांडपुढे सुडो (म्हणजे ‘ॲडमिनच्या अधिकाराने चालव’) लावणारे मी भरपूर पाहिलेत. ती कमांड काय करते हे विचारलं, की म्हणतात, “चालली ना!”