बँकेचा सर्व्हर बंद करायच्या आधीची तयारी

महावितरणचा मेंटेनन्स असू दे नाहीतर यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या असू देत, सहकारी बँकेचा व्यवहारांचा सर्व्हर बंद करताना सगळ्यात आधी तारीख नीट ठरवा. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, लाईट गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात पण एसी बहुतेक ठिकाणी यूपीएसवर नसतोच, खोली बघता बघता तापते, त्यामुळे बॅटरी आहे, बघू निवांत, असं करू नका. महिनाअखेर आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेचे दिवस सोडा.

रात्री बँक बंद असते म्हणून रात्री उरकू, हेही आता चालत नाही. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, दर अर्ध्या तासाला बॅच, आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून, आणि यूपीआयला तर झोपच नाही. म्हणून स्पॉन्सर बँकेला (जिच्यामार्फत आपली बँक या पेमेंट यंत्रणांना जोडलेली असते) आणि एटीएम स्विचवाल्यांना (एटीएमचे व्यवहार इकडून तिकडं पोचवणाऱ्यांना) आधी लेखी कळवा, ग्राहकांना एसएमएस टाका. चाटी गल्लीतल्या कापडवाल्याचं पेमेंट मधेच लटकलं तर दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर उभा असतो आणि त्याचं बरोबरच असतं.

बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघा. फोन नंबर, सर्व्हिस बंद करायचा क्रम, शेवटचा व्यवहार क्रमांक हे सगळं कागदावर लिहा, कारण ती फाईल बऱ्याचदा त्याच सर्व्हरवर असते.

मग डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, पूर्ण करा आणि नवीन कनेक्शन घेणं बंद करा. दुकानदार शटर अर्धं खाली घेतो पण आत आलेल्या गिऱ्हाइकाचं आवरू देतो, अगदी तसंच, चालू व्यवहार संपू द्या, मेसेज क्यू (पाठवायच्या राहिलेल्या संदेशांची रांग) रिकामी होऊ द्या.

आता खरं जपायचं ते इथं. एका सिस्टिमवर खात्यातून वजा, दुसरीवर जमा, दोघी "तयार" म्हणाल्या आणि शेवटचा कमिट (व्यवहार पक्का करायचा आदेश) पोचायच्या आतच कनेक्शन तुटलं, तर तो व्यवहार इन-डाउट, म्हणजे पक्का की रद्द ते न ठरलेला, राहतो, रेकॉर्ड लॉक होऊन बसतं. डेटाबेस ओरॅकलचा असेल तर डीबीए टूपीसी पेंडिंग (DBA_2PC_PENDING) हा व्ह्यू, म्हणजे अशा अडकलेल्या व्यवहारांची यादी, उघडा, त्यात एकही ओळ नको. असली तर समोरच्या सिस्टिमवर काय झालंय ते विचारल्याशिवाय हातानं कमिट किंवा रोलबॅक (व्यवहार मागं घेणं) करू नका, नाहीतर इकडं पैसे वजा आणि तिकडं जमाच नाहीत.

ओरॅकल डेटाबेस बंद करताना शटडाउन ट्रान्झॅक्शनल ही कमांड चालू व्यवहार संपायची वाट बघते, शटडाउन इमिजिएट अर्धवट व्यवहार मागं घेते. मोठी बॅच चालू असताना इमिजिएट दिलं तर रोलबॅकला वेळ लागतो, स्क्रीन अडकल्यासारखी दिसते आणि कुणीतरी वैतागून अबॉर्ट (काहीच न आवरता तिथल्या तिथं बंद) मारतं. तेवढं अजिबात करू देऊ नका, पुढच्या स्टार्टला रिकव्हरीत वेळ जातो. लिनक्सवर सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) डिफॉल्टनं 90 सेकंदच थांबतं आणि मग प्रोसेस मारून टाकतं, ती मुदत आधीच वाढवून ठेवा.

क्रम असा, आधी अ‍ॅप्लिकेशन, मग डेटाबेस, मग स्टोरेज. चालू करताना उलटा, आणि एसीनं खोली गार झाल्यावरच. शेवटचा व्यवहार क्रमांक कागदाशी जुळवा, एका शाखेतून छोटी एंट्री टाकून बघा, मगच बाकीच्या शाखांना लॉगिन करा म्हणून फोन करा.